मॉरिशसमधला एक आठवडा, समुद्र बाजूला ठेवून

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं कुटुंब. नवरा-बायको, चौदा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. मेच्या शेवटी सात रात्रींसाठी मॉरिशस. एजंटने दिलेला कार्यक्रम: उत्तर बेट दर्शन, दक्षिण बेट दर्शन, एका छोट्या बेटावर बोटीने दिवसभर, पाण्याखालची सफर आणि उरलेले दिवस रिसॉर्टवर आराम. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाई शुद्ध शाकाहारी, मुलीला पक्षी-प्राण्यांचं वेड, आणि पाण्यात उतरायला कुणीच फारसं उत्सुक नाही. "मग आम्ही तिथे करायचं काय?" असं विचारलं आहे.

मी पुण्यातून छोटे गट घेऊन मॉरिशसला जातो, त्याला आता अठरा वर्षं झाली. सुरुवातीची तीन-चार वर्षं मीही हाच कार्यक्रम विकला. त्यामुळे एजंटला नावं ठेवत नाही. फक्त एवढंच सांगतो, की 'दक्षिण दर्शन' नावाच्या त्या एका दिवसात लोक नऊ ठिकाणी गाडीतून उतरतात, नऊ ठिकाणी फोटो काढतात आणि संध्याकाळी विचारलं तर त्यांतली चार नावंही सांगता येत नाहीत.

बेट उत्तर-दक्षिण जेमतेम पासष्ट किलोमीटर. नकाशा पाहिला की वाटतं, कुठूनही कुठेही तासाभरात. माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती. मॉरिशस अंतरावर आखायचं नसतं, वारावर आणि ढगावर आखायचं असतं. कुठल्या दिवशी काय उघडं असतं आणि कुठल्या बाजूला पाऊस असतो, या दोन गोष्टी जमल्या की बाकीचं आपोआप बसतं.

वाराचं आधी. २००९ साली चौदा जणांना घेऊन मी रविवारी पोर्ट लुईला गेलो. राजधानी आहे, गजबज असेल, बाजार असेल असा माझा हिशेब. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. संग्रहालयं बंद, दुकानांची शटर्स खाली, शेवटी बस स्टँडजवळच्या एका टपरीवर बिस्किटं खाऊन परत. गटात एक निवृत्त शाळामास्तर होते, ते म्हणाले, "शहर छान आहे हो, फक्त लोक घालायचे राहिलेत." तेव्हापासून माझा नियम: रविवारी अशा जागी जायचं जिथे दारच नाही. समुद्राचा कडा, देऊळ, धबधबा. ज्याला दार आणि तिकीटखिडकी आहे ते सोमवार ते शुक्रवार.

आता ढग. हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आहे. मधोमध पठार, कडेला डोंगर. आग्नेयेकडून येणारा वारा पूर्व किनाऱ्यावर आदळतो, पठारावर पाऊस टाकतो आणि पश्चिमेला उतरेपर्यंत कोरडा झालेला असतो. म्हणजे फ्लिकाँफ्लाक किंवा तामारेंला कडक ऊन असताना वीस-पंचवीस किलोमीटरवर पठारावरच्या क्युरपीपमध्ये भुरभुर चालू असते. आपल्याकडे घाटमाथा आणि देश यांत जो फरक, तोच इथे उलट्या बाजूने. मेच्या शेवटी तिथे हिवाळ्याची सुरुवात असते, कारण बेट विषुववृत्ताच्या खाली आहे. किनाऱ्यावर सुती कपडे पुरतात, पण पठारावर स्वेटर लागतोच, सासू-सासऱ्यांना तर नक्की. आणि सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो. लोक 'समुद्राकाठचा देश' म्हणून संध्याकाळी आठपर्यंतचे बेत करतात आणि सहाला अंधारात अडकतात. तुमचा दिवस सकाळी आठला सुरू व्हायला हवा.

महिना मात्र तुम्ही चांगला निवडला आहे. चक्रीवादळांचा काळ मुख्यतः जानेवारी ते मार्च. तेव्हा सरकार एक ते चार श्रेणीत इशारे देतं आणि तिसरी श्रेणी लागली की बस, दुकानं, सगळं बंद, तुम्ही हॉटेलात. मेमध्ये ती धास्ती नाही. उसाला तुरे येऊ लागलेले असतात, तोडणी सुरू व्हायची असते, आणि डोंगरात लाल पेरू पिकलेले असतात. त्या पेरूंबद्दल पुढे सांगतो.

मुक्काम एकाच रिसॉर्टवर सात रात्री ठेवू नका. तीन रात्री आग्नेयेला माएबूरजवळ, चार रात्री पश्चिमेला. विमानतळ माएबूरपासून अगदी जवळ आहे, म्हणून आल्या दिवशी मोठा प्रवास नको. शनिवारी पोचून शनिवारी निघता आलं तर पुढचं सगळं वारांच्या गणितात चपखल बसतं.

शनिवारी काहीच करू नका. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणजे थकवा झोपेचा नसतो, प्रवासाचा असतो. माएबूरच्या किनारपट्टीच्या रस्त्यावर संध्याकाळी फेरी मारा. समोर लायन माउंटन दिसतो, बसलेल्या सिंहासारखा. याच खाडीत ऑगस्ट १८१० मध्ये फ्रेंचांनी इंग्रजांच्या आरमाराला हरवलं. नेपोलियनच्या काळातला हा एकच आरमारी विजय, जो पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला आहे. दोन्हीकडचे सेनापती जखमी झाले आणि दोघांवर एकाच घरात उपचार झाले. ते घर आज इतिहासाचं संग्रहालय आहे. पण विजय फ्रेंचांच्या फार दिवस कामी आला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजांनी बेट घेतलं. मात्र कायदे, भाषा, धर्म तसेच राहू दिले. म्हणून आजही शाळेत इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच आणि घरात क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली इथली बोली, असा तिपेडी कारभार दिसतो. हे एकदा कळलं की दुकानांवरच्या पाट्या गोंधळात टाकत नाहीत.

रविवारी दक्षिणेला सुइयाक. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाचं कडं आहे, लाटा तिथेच फुटतात आणि आत शांत निळं पाणी. सुइयाकच्या ग्रिग्रीला ते कडं तुटलेलं आहे. समुद्र थेट काळ्या कातळावर येऊन आदळतो. इथे पोहायचं नाही, पाण्याजवळही जायचं नाही, वरच्या कठड्यावरून पाहायचं. गाडी जवळपर्यंत जाते, बसायला बाक आहेत, सासऱ्यांची सोय होईल. रविवारी गावकरी कुटुंबं सहलीला आलेली असतात. मोठ्या पातेल्यात बिर्याणी, कुणीतरी रवान वाजवत असतं. रवान म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणलेला, डफापेक्षा मोठा गोल. वाजवण्याआधी तो शेकोटीजवळ तापवतात, अगदी आपल्या डफासारखा. त्यावर सेगा नावाचं गाणं-नाच चालतं, जे गुलामांनी इथे घडवलं आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. हॉटेलात रात्री फुलाफुलांचे घागरे घालून जो 'सेगा शो' होतो, तो पाहिला नाही तरी चालेल. इथला ऐका.

सोमवारी माएबूरचा आठवडी बाजार. सकाळी नऊच्या आत पोचा. भाजीच्या रांगेत उभं राहिलं की सासूबाईंना घरी आल्यासारखं वाटेल: दोडका, कारली, भेंडी, लाल माठ, कोथिंबीर. कोथिंबिरीला 'कोतोमिली' म्हणतात, जो शब्द तमिळांकडून आला, आणि कढीपत्त्याला 'कारीपुले'.

इथेच धोल पुरी खायची. एका काचेच्या पेटीवजा टपरीवर बाई उभी असते. टोपलीवरचं जाड फडकं बाजूला करते, दोन पुऱ्या उचलते. पुरी म्हणजे आपली पुरणपोळी, पण गोडाऐवजी शिजवलेल्या पिवळ्या डाळीचं कोरडं पूड भरलेली आणि इतकी मऊ, की हाताला पीठ लागत नाही, डाळ लागते. एकावर एक पसरून त्यावर मोठ्या पांढऱ्या वालांची आमटी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा आणि विचारून हिरव्या मिरचीची चटणी. दोन्ही एकत्र गुंडाळून कागदात. एक मागायचीच नाही, 'एन पेर' म्हणजे जोडीच मिळते. बिहारातून गेलेल्या लोकांची दालपुरी बदलत बदलत अशी झाली. मी गटातल्या प्रत्येकाला पहिल्यांदा मिरची कमी घ्यायला सांगतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी "आम्ही कोल्हापूरचे" म्हणून ऐकत नाही.

सासूबाईंच्या जेवणाची चिंता तुम्ही लिहिली आहे, ती थोडी कमी करतो. धोल पुरी, फराटा म्हणजे आपला पराठा, गातो पिमाँ म्हणजे मिरची घातलेला छोटा डाळवडा (सकाळी तो लोण्याच्या पावात घालून खातात, वडापावचा लांबचा भाऊ), आलुदा म्हणजे सब्जाचं दूध, ही सगळी रस्त्यावरची शाकाहारी सोय. अडचण येते ती चिनी पद्धतीच्या उपाहारगृहांत. तिथे 'भाज्यांचे नूडल्स' म्हटले तरी मासळीचा किंवा ऑयस्टरचा सॉस पडू शकतो. एक वाक्य पाठ करून ठेवा: "मो पा मांझ लाव्यान, नी प्वासों, नी दिझेफ." मी मांस खात नाही, मासे नाही, अंडी नाही. क्रेओलमध्ये बोललात की समोरचा आधी हसतो, मग स्वतः स्वयंपाकघरात जाऊन सांगून येतो.

सोमवारी दुपारी तुमच्या मुलीचा कार्यक्रम, आणि माझ्या मते हा सबंध सहलीतला सर्वात मोलाचा. इल ओ एग्रेट. माएबूरजवळ पॉइंट जेरोमहून छोटी बोट, पाच-दहा मिनिटांत बेटावर. सव्वीस-सत्तावीस हेक्टरचं सपाट बेट, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ते सांभाळतं, वाटाड्याशिवाय जाता येत नाही आणि जागा आधी ठरवाव्या लागतात. डच लोक १५९८ मध्ये आले तेव्हा सगळं मॉरिशस कसं होतं, याचा उरलासुरला तुकडा इथे जपला आहे. काळ्या लाकडाच्या एबनीची झाडं, खडकांत सरपटणारे पालीसारखे स्किंक, मोकळे फिरणारे राक्षसी कासव. कासव मात्र सेशेल्समधल्या आल्डाब्राहून आणलेले आहेत. मॉरिशसची स्वतःची कासवं खाऊन संपवली गेली, मग त्यांचं काम करायला दुसरे आणले: फळं खायची, बिया लांब नेऊन टाकायच्या.

आणि गुलाबी कबुतर. १९९०च्या सुमाराला रानात जेमतेम दहाएक उरली होती. आज काहीशे आहेत. मॉरिशस खरुची, म्हणजे इथल्या छोट्या ससाण्याची, गोष्ट आणखी टोकाची: १९७४ मध्ये रानात फक्त चार माहीत होते. कार्ल जोन्स नावाचा वेल्समधला जीवशास्त्रज्ञ इथे आला आणि घरट्यातली अंडी उचलून कृत्रिमरीत्या उबवू लागला. अंडी काढली की मादी पुन्हा घालते, हे त्यामागचं साधं गणित. तुमच्या मुलीला जाण्याआधी हे सांगून ठेवा. डोडोच्या चावीच्या साखळ्या बेटभर विकतात, पण डोडो ज्या वाटेने गेला त्या वाटेवरून परत आणलेले पक्षी फक्त इथे आणि डोंगरात दिसतात. बूट बंद घाला आणि डासांचं मलम लावा. सासऱ्यांसाठी: वाट सपाट आहे, पण दीड-दोन तास चालणं आहे आणि बोटीत चढता-उतरता हात द्यावा लागतो. नको वाटलं तर त्यांना संग्रहालयात सोडा.

मंगळवारी मुक्काम हलवायचा. इथे बहुतेक लोक हमरस्त्याने सरळ पश्चिमेला जातात आणि दिवस वाया घालवतात. तुम्ही डोंगरावरून जा. माएबूर, ब्वा शेरी, गंगा तलाव, पेत्रें, शामारेल, मग उतरून पश्चिम किनारा. सामान गाडीतच.

ब्वा शेरीला चहाचा कारखाना १८९२ पासूनचा. सकाळी गेलात तर यंत्रं चालू सापडतात, दुपारी नुसती दिसतात. खुडलेला पाला सुकवण्यापासून पुड्या भरेपर्यंत फिरवून दाखवतात, मग तळ्याकाठी बसून चव घ्यायची. व्हॅनिलाचा चहा इथला खास. आमच्या गटातले निम्मे लोक त्याला नाकं मुरडतात आणि जाताना तीन-तीन खोके विकत घेतात.

तिथून अर्ध्या तासावर गंगा तलाव. खरं नाव ग्रां बासें, ज्वालामुखीच्या विवरातलं तळं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रियोले गावातून पहिली यात्रा इथे पायी आली आणि १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून यात ओतलं, तेव्हापासून गंगा तलाव. प्रवेशाला तेहतीस मीटरची शंकराची मूर्ती, आणि आता तेवढीच उंच दुर्गेची. मूर्तींपाशी सगळे फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही खाली पाण्यापर्यंत जा. धुकं असेल तर पलीकडचा काठ दिसत नाही, घंटा मात्र ऐकू येते. माकडांपासून प्रसाद सांभाळा. महाशिवरात्रीला लाखो लोक पांढरे कपडे घालून कावडी घेऊन चालत येतात, तेव्हा हे रस्ते गाडीने विसरायचे, पण ते पाहायलाच कुणी जात असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

पेत्रेंपासून ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं राष्ट्रीय उद्यान सुरू होतं, १९९४ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे सदुसष्ट चौरस किलोमीटर. डोंगर चढायची गरज नाही. गॉर्जेसचं दर्शनस्थळ आणि अलेक्झांड्रा धबधबा, दोन्ही गाडीतळापासून थोडंसं चालून. चालायची हौस असेल तर पेत्रेंहून मक्काबेच्या जंगलात जाणारी वाट बरीचशी सपाट आहे. तुम्ही नवरा-बायको आणि मुलगी तासभर आत जाऊन परत या. तांबडी माती पावसाने निसरडी होते एवढंच.

आता ते पेरू. रस्त्याच्या कडेला बोराएवढे लाल पेरू पिशव्यांत भरून विकतात, मीठ-तिखट लावून. चव आंबट-गोड, बिया भरपूर. स्थानिक लोक बादल्या घेऊन जंगलात तोडायला जातात, अगदी आपल्याकडे करवंदांना जातात तसे. गंमत अशी, की हेच झाड या जंगलाचा सर्वात मोठा शत्रू आहे. बाहेरून आणलेलं, इतकं दाट वाढतं की एबनीच्या रोपाला उजेडच मिळत नाही. उद्यानाचे कामगार कुंपण घालून तुकड्या-तुकड्याने ते उपटत असतात. म्हणजे पेरू खाणं इथे पुण्यकर्म.

शामारेलची सात रंगांची माती. प्रामाणिकपणे सांगतो, जागा लहान आहे, पंधरा मिनिटांत पाहून होते. बसाल्टचा दगड कुजून माती झाली, त्यातल्या लोहाने लाल-तपकिरी छटा आल्या आणि ॲल्युमिनियमने निळसर-जांभळ्या. ऊन तिरकं असताना रंग उठून दिसतात, ढग असले की सगळं विटकरी. सात मोजत बसू नका. त्याच आवारातला धबधबा मला जास्त आवडतो. दुपारचं जेवण शामारेल गावात.

उतरताना वळणावर ल मॉर्न पहिल्यांदा दिसतो. समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा सुळका. पळून गेलेले गुलाम त्याच्या कड्यांवर लपून राहत. गुलामगिरी १८३५ मध्ये संपली, तेव्हा ती बातमी सांगायला शिपाई वर येत होते, पण ते आपल्याला पकडायलाच आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा इथले लोक सांगतात. २००८ मध्ये युनेस्कोने ही जागा वारसा म्हणून नोंदवली. वर चढायचं असेल तर शुक्रवारी पहाटे, वाटाड्या घेऊन. शेवटचा टप्पा हातांनी धरून चढायचा आहे, तो चौदा वर्षांच्या मुलीला जमेल, पण उंचीची भीती असलेल्या वडिलांना जमेलच असं नाही. ज्यांना चढायचं नाही त्यांनी पायथ्याशी गुलाममार्गाच्या स्मारकात थांबावं. तिथले दगडी पुतळे शांतपणे पाहायला तासभर हवा.

बुधवारी उत्तरेला पॅम्प्लमूसची बाग आणि शेजारचं साखरेचं संग्रहालय, बस्स, दिवसाला दोनच. बागेत वाटाड्या घ्या, नाहीतर ती नुसती बाग राहते. राक्षसी कमळांच्या तळ्यात पहिल्या दिवशी फूल पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. तालिपोट नावाचा ताड अनेक दशकं वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. संग्रहालय एका बंद पडलेल्या साखर कारखान्यातच आहे, जुन्या यंत्रांसकट. माहिती भरपूर आहे, मुलगी सगळी वाचेल, बाकीचे अर्ध्यावर थकतील. शेवटी मात्र थांबा: तिथे वेगवेगळ्या कच्च्या साखरा चाखायला देतात. सर्वात काळी, ओलसर साखर तोंडात टाकल्यावर आमच्या गटातल्या कोपरगावच्या काकू एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर काकवी!"

जाता-येता उसाच्या फडांत काळ्या दगडांचे मनोरे दिसतील, पायऱ्यापायऱ्यांचे, कुठे कुठे माणसाच्या दुप्पट उंचीचे. चालक सांगत नाहीत, कारण त्यांना ते रोजचेच. ऊस लावायला जमीन मोकळी करताना मजुरांनी हातांनी वेचलेले ते दगड आहेत. ते मजूर कोण, हे गुरुवारी कळेल.

गुरुवारी पोर्ट लुई. सकाळच्या गर्दीत शहरात शिरायचं नाही, साडेनऊनंतर पोचा. क्युरपीपपासून पोर्ट लुईपर्यंत मेट्रो आहे, २०२० पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेली. मधल्या एखाद्या स्थानकावर गाडी सोडून मेट्रोने जाता येतं आणि पार्किंगची कटकट वाचते.

सगळ्यात आधी आप्रवासी घाट, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांना उतरवून घ्यायची जागा. बस स्टँडला लागून, बंदराच्या काठावर, प्रवेश फुकट. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून आलेले छत्तीस मजूर हे या प्रयोगाचे पहिले. गुलामगिरी संपत होती आणि मळेवाल्यांना हात हवे होते, म्हणून इंग्रजांनी करारावर भारतातून माणसं आणायला सुरुवात केली. १९२० पर्यंत पाच लाखांच्या आसपास लोक आले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशी तीन बंदरं. मुंबईहून गेलेले सर्वात कमी, आणि त्यांत मोठा भाग रत्नागिरीकडचा, कोकणातला. पाहायला फार काही नाही: दगडी भिंती, शौचकूप, स्वयंपाकघराचे अवशेष आणि बंदराकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. उतरलेले बहुतेक जण याच पायऱ्यांवरून आत आले. आमचा एक गट आला तेव्हा पायऱ्यांपाशी सगळे गप्प झाले आणि संगमेश्वरचे एक गृहस्थ चप्पल काढून उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या माहितीकेंद्रात नोंदवह्यांच्या प्रती आहेत. नाव, बापाचं नाव, जात, उंची, गाव आणि एक क्रमांक. तो क्रमांक हीच पुढची ओळख. मूळ नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि वंशज आजही तिथे आपला माणूस शोधायला येतात. संस्था १९७० ची. मराठीही शिकवली जाते. वाटेत वेळ मिळाला तर तिथलं आप्रवाशांचं लोकसंग्रहालय जरूर करा.

पोर्ट लुईत मग मध्यवर्ती बाजार, आलुदा तिथेच प्यावा. निसर्ग-इतिहास संग्रहालयात डोडोचा सांगाडा. बंदराकाठी काउदाँला ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ ची दोन टपाल तिकिटं, एक निळं आणि एक तांबडं. ती उजेडाने फिकी पडू नयेत म्हणून ठरावीक मिनिटंच प्रकाशात ठेवतात, एरवी प्रती दिसतात. आत शिरताच पुढची वेळ विचारा आणि मग बाकीचं पाहत थांबा. चार वाजेपर्यंत शहर सोडा, नंतर वाहतूक तुंबते.

शुक्रवारी, ल मॉर्नहून परतल्यावर, कास्कावेलचं विठ्ठल-रखुमाईचं देऊळ. पश्चिमेच्या तुमच्या मुक्कामापासून जवळ. हे एजंटच्या यादीत कधीच नसतं. ब्लॅक रिव्हरच्या या पट्ट्यात आणि वर वाक्वा-आँरियेताच्या भागात मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आडनावांवरून ओळखायला जाऊ नका, कारण पणजोबांचं पहिलं नावच बऱ्याचदा आडनाव झालेलं असतं. घरात क्रेओल बोलतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या एका आजींशी मराठीत बोलायला लागलो, त्या हसून क्रेओलमध्ये उत्तर देत राहिल्या. मला वाटलं, भाषा गेली. मग आरती सुरू झाली आणि त्या आजींनी 'सुखकर्ता दुःखहर्ता' एकही शब्द न अडखळता शेवटपर्यंत म्हटली, आमच्या गटातल्या तरुण मुलांना दुसऱ्या कडव्याला मोबाईल काढावा लागला.

इथे ते 'झाकरी' नाचतात. तोच आपला कोकणातला जाखडी. लग्नात गोंधळ घालतात. गणेशचतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, आणि ती आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाची. भाद्रपदात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मोका इथल्या महाराष्ट्र भवनात २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळाही बसला. पण देवळात गेलात तर पर्यटक म्हणून जाऊ नका. नारळ-फुलं न्या, बसा, कोणी विचारलं तर गाव सांगा. सासूबाईंना अभंग येत असेल तर म्हणायला लावा. त्या दुपारी पुढचं काहीही ठरवू नका, कारण चहाला घरी नेल्याशिवाय सोडत नाहीत.

गाडीचं. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, स्वतः चालवणं अवघड नाही. पण डोंगरातले रस्ते अरुंद आहेत आणि सहा वाजता अंधार, म्हणून तुमच्या पाच जणांसाठी चालकासकट गाडी घ्या. भाडं दिवसाचं ठरवा, ठिकाणांचं नाही. आणि पहिल्याच सकाळी हसतहसत सांगून टाका, की जहाजांच्या प्रतिकृती आणि हिऱ्यांची दुकानं आम्हाला नकोत. एका चालकाने माझ्या गटाला एकाच दुपारी अशा तीन दुकानांत नेलं होतं, आणि ब्वा शेरीला पोचेपर्यंत यंत्रं थांबली होती.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचं आरक्षण छापून हातात ठेवा, दोन्ही मुक्कामांचं. एकाच हॉटेलचा कागद दाखवला की उरलेल्या रात्रींचं विचारतात. ताजी फळं, भाज्या, रोपं, बिया न्यायच्या नाहीत. सासूबाई पिशवीत कढीपत्ता टाकतील, तो काढून ठेवा. तिथे कारीपुले मिळतो.

एजंटच्या यादीतली पाण्याखालची सफर आणि बोटीचा दिवस काढलात तर जे पैसे वाचतील, त्यांत चालकाची गाडी सातही दिवस बसते. समुद्राचं वाईट वाटून घेऊ नका. सगळे किनारे सार्वजनिक आहेत, रिसॉर्टसमोरचेसुद्धा. रोज संध्याकाळी पाच वाजता पश्चिमेच्या वाळूत जाऊन बसा, तेवढा समुद्र पुरतो. पाण्यात पाय बुडवायचे तर रबरी बूट घाला, दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो. आणि इल ओ एग्रेटचं आरक्षण विमानाच्या तिकिटानंतर लगेच करा, सोमवार दुपारचं.